शिक्षक होऊ घातलेल्यांची चिंता आणि त्यांचे घर

अध्यापक विद्यालयांत आणि अध्यापक महाविद्यालयांत शिकणाऱ्या तरुण-तरुणींच्या मनातील चिंतेविषयी गेल्या सहा दशकांत देशोदेशी जे लिखाण झाले आहे, ते समोर मांडून पाहू लागले असता एक गोष्ट प्रथमदर्शनीच ध्यानात येते. ती ही की, या विषयाच्या अभ्यासकांनी वर्गखोलीचा कानाकोपरा मोठ्या आस्थेने धुंडाळला, परंतु प्रशिक्षणार्थी ज्या घरातून सकाळी डबा घेऊन निघतो आणि ज्या घरी सायंकाळी परततो, त्या घराची दखल पुष्कळ उशिरा, आणि तीही ओझरतीच घेतली. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात काम करणाऱ्या फ्रान्सिस फुलर या विदुषीने 1969 साली अशी मांडणी केली की, नवशिक्या शिक्षकाचे चित्त आरंभी स्वतःपुरत्या प्रश्नांत गुंतलेले असते, म्हणजे मला हे जमेल काय, मुले मला मानतील काय, निरीक्षकांचे माझ्याविषयी काय मत होईल. पुढे ते प्रत्यक्ष अध्यापनाच्या कामाकडे वळते, आणि सरतेशेवटी मुलांच्या हिताचा विचार त्यात प्रबळ होतो. ब्रिटनमध्ये हार्ट यांनी 1987 साली प्रशिक्षणार्थींच्या चिंतेची मोजपट्टी प्रसिद्ध केली, तीत मूल्यमापनाची चिंता, विद्यार्थी व व्यवसाय यांविषयीची चिंता, वर्गनियंत्रणाची चिंता आणि सराव-अध्यापनातील आवश्यक बाबींच्या पूर्ततेची चिंता असे चार घटक निघाले. ही मोजपट्टी पुढे अनेक देशांत वापरली गेली. तिच्या चार घटकांत घर कोठेच नाही.

याचा दोष त्या अभ्यासकांच्या माथी मारण्याचे कारण नाही. त्यांना वर्गातील अडचणींचा शोध घ्यावयाचा होता आणि तो त्यांनी घेतला. तथापि त्यांच्या प्रश्नावल्या भाषांतरित करून आपल्याकडील प्रशिक्षणार्थींच्या हाती देताना आपण एक गोष्ट विसरलो, असे म्हणणे भाग आहे. महाराष्ट्रात शिक्षक होण्याचा निर्णय पुष्कळदा एकट्या तरुणाचा नसतोच. तो बारावीच्या निकालाच्या संध्याकाळी, मामा, थोरले बंधू आणि शेजारचे एखादे गुरुजी यांच्या साक्षीने, घरच्या ऐपतीचा हिशेब मांडून घेतलेला ठराव असतो. ज्याने हा ठराव केवळ ऐकून घेतला, त्याच्या मनात ‘मला जमेल काय’ हा फुलरबाईंचा प्रश्न उभा राहतो तो बहुधा ‘नाही जमले तर घरी काय सांगू’ या स्वरूपात. प्रस्तुत आढाव्याचे मुख्य प्रतिपादन हेच आहे: घराच्या मायेने किंवा धाकाने प्रशिक्षणार्थीची चिंता जितकी घडते, त्याहून अधिक ती घराने त्याच्या वेळेवर, पैशावर आणि भवितव्यावर केलेल्या दाव्याने घडते, आणि संशोधनाने मात्र पहिलीच बाजू मोजली.

ती पहिली बाजू तरी कितपत सिद्ध आहे, हे आधी पाहू. चिंतेचे स्वभावात मुरलेली आणि प्रसंगाने उद्भवणारी असे दोन भेद करण्याची रीत चार्ल्स स्पीलबर्गर यांच्या 1970 च्या मोजपट्टीमुळे सार्वत्रिक झाली, आणि कुटुंबाचा प्रभाव हा प्रामुख्याने पहिल्या प्रकारावर पडतो, असे तेव्हापासून गृहीत धरले गेले. हे गृहीत सर्वस्वी निराधार नाही. जुळ्यांच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण हेटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली केले, त्यात चिंताविकारांतील आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 30 ते 40 टक्के आढळला. म्हणजे आईबापांकडून काही भाग रक्तातूनच येतो आणि उरलेला मोठा भाग आयुष्याच्या अनुभवातून घडतो. मग त्या अनुभवांपैकी संगोपनाकडे किती जातो? येथे मात्र अनेकांचा अपेक्षाभंग होतो. मॅक्लाऊड, वुड आणि वाइझ यांनी 2007 साली 47 अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की, मुलांच्या चिंतेतील तफावतीपैकी आईबापांच्या वागणुकीने उलगडणारा हिस्सा केवळ 4 टक्क्यांच्या घरात आहे. त्यातही मौज अशी की, वात्सल्याच्या अभावाचा वाटा नगण्य निघाला, आणि मुलाला स्वतंत्रपणे वागू देणे किंवा न देणे या एकाच बाबीचा वाटा 18 टक्क्यांपर्यंत गेला. एली व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली स्वीडनमधील जुळी भावंडे आणि त्यांची मुले यांच्या अभ्यासातून दाखवून दिले की, आईबापांची चिंता पौगंडावस्थेतील मुलांत उतरते ती मुख्यतः रक्तामार्फत नव्हे, तर एकत्र राहण्यामुळे.

संगोपनाविषयीचे हे अभ्यास मुलांचे आणि किशोरांचे आहेत, बाविशी ओलांडलेल्या प्रशिक्षणार्थींचे नाहीत, हे विसरता कामा नये. तरीही त्यांतून हाती लागणारा एक धागा आपल्या विषयाला थेट भिडतो. प्रेमळ घरातील मूल निर्भय होते, ही जी आपली समजूत आहे, तिला या आकड्यांचा फारसा आधार नाही. ज्या घरात मुलाच्या वतीने सगळे निर्णय मोठ्या मायेने दुसरेच कोणी घेतात, त्या घरातील मूल अधिक भित्रे निघण्याचा संभव आहे. आणि आपल्याकडील मध्यमवर्गीय घराचे याहून नेमके वर्णन दुसरे कोणते करता येईल?

भारतीय संशोधनाची स्थिती काय आहे? बडोद्याच्या प्रगत शिक्षण-अध्ययन केंद्रातून प्रा. एम. बी. बुच यांनी शैक्षणिक संशोधनाचा पहिला आढावा 1974 साली सिद्ध केला, तेव्हापासून प्रबंधांचे जे दप्तर वाढत गेले, त्यात चिंता या विषयाला मानाचे स्थान आहे. परंतु बहुतेकांचा साचा एकच. एका हाती सिन्हा आडनावाच्या दोन मानसशास्त्रज्ञांची चिंता-चाचणी घ्यावयाची, दुसऱ्या हाती कौटुंबिक वातावरणाची एखादी मोजपट्टी, मग ती रुडॉल्फ मूस यांच्या 1974 च्या मोजपट्टीवर बेतलेली असो की भाटिया आणि चढ्ढा यांनी 1993 साली भारतीय घरांसाठी तयार केलेली असो. दोन्ही कागद एकाच तासाला, एकाच प्रशिक्षणार्थीकडून भरून घ्यावयाचे आणि दोन गुणसंख्यांमधील सहसंबंध काढून मोकळे व्हावयाचे. येथे दोष उघड आहे. जो मुळातच चिंताग्रस्त आहे, त्याला स्वतःचे घरही अधिक कठोर, अधिक कोंदट भासते. म्हणून घरामुळे चिंता की चिंतेमुळे घराचे असे चित्र, हा प्रश्न त्या सहसंबंधाने सुटत नाही. आईवडिलांना स्वतंत्रपणे विचारावे, सराव-अध्यापनाच्या आधी आणि नंतर अशी दोनदा मोजणी करावी, ही साधी खबरदारी फार थोड्या ठिकाणी घेतली जाते. ‘वातावरण अनुकूल असल्यास चिंता कमी’ हे वाक्य ज्या प्रबंधाच्या निष्कर्षात नाही, असा प्रबंध शोधावा लागेल; आणि ते वाक्य वाचून कोणत्याही प्राचार्याला उद्या सकाळी काय करावे हे कळत नाही, हे त्याहून खेदजनक.

यास्तव मोजपट्ट्या क्षणभर बाजूस ठेवून घर प्रत्यक्ष कसे आत शिरते, हे पाहणे इष्ट होईल. पहिला दावा वेळेचा. सराव पाठाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ घ्या. तालुक्याच्या गावी राहणारी, दोन लेकरांची आई असलेली एक प्रशिक्षणार्थिनी. इयत्ता सातवी, विषय भूगोल, घटक ऋतुनिर्मिती. पाठ टाचणाच्या वहीत तिला उद्दिष्टे व स्पष्टीकरणे, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन असे रकाने आखून भरावयाचे आहेत. तिची गाडी अडते ती प्रस्तावनेत. कारण प्रस्तावनेचे प्रश्न असे गुंफावे लागतात की, पहिल्या तिन्हींची उत्तरे मुलांनी पटापट द्यावीत आणि चौथ्यापाशी निरुत्तर व्हावे, म्हणजे मग ‘आज आपण अभ्यासणार आहोत’ असे हेतुकथन करता येते. एखाद्या चुणचुणीत मुलाने त्या चौथ्या प्रश्नाचेही उत्तर दिलेच तर हेतुकथनाचे काय, या धास्तीने कित्येक पिढ्यांची झोप उडाली आहे. आता या रचनेच्या मध्येच, उद्या एकादशी असल्याने साबुदाणा भिजत घातलास काय, अशी सासूबाईंची विचारणा होते. धाकट्याला ताप भरल्यासारखा वाटतो. आणि सूर्याभोवती फिरणाऱ्या पृथ्वीचा तक्ता अद्याप पेन्सिलीच्या रेघांतच अडकून पडला आहे. यात कोणी दुष्ट नाही. सासूबाई उद्या सकाळी नातवंडांना सांभाळणारच आहेत, आणि त्यांच्याविना तिला महाविद्यालयाचे तोंडही दिसले नसते. नेमक्या याच उपकारामुळे ‘आज स्वयंपाक तुम्ही करा’ हे वाक्य तिच्या ओठांवर येत नाही. कौटुंबिक वातावरणाच्या मोजपट्टीवर हे घर उत्तम ठरेल. आणि रात्री साडेअकराला ती तक्ता रंगवीत बसलेली असेल.

द्विवर्षीय अभ्यासक्रमाने या ताणात भर घातली, याची नोंद घेणे अवश्य आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या 2014 च्या नियमावलीनुसार 2015-16 पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात शालेय अनुभवासाठी एकंदर 20 आठवड्यांची तरतूद आली. शैक्षणिक दृष्टीने हे योग्यच झाले. एका वर्षात घाईगर्दीने शिक्षक तयार होत नाही. परंतु घराच्या दृष्टीने पाहता एका वर्षाची मुदत दोन वर्षांची झाली, शुल्क वाढले, कमाई आणखी लांबली, आणि विवाहितेच्या बाबतीत घराने दिलेली सवलत दुप्पट काळ टिकवून धरण्याचा भार तिच्या एकटीवर पडला. याचा विचार नियमावली करणाऱ्यांनी केल्याचे त्या मजकुरातून दिसत नाही.

दुसरा दावा पैशाचा, आणि तो पुरुष प्रशिक्षणार्थींना विशेष जाचतो. एके काळी डी.एड. झालेल्या मुलाला नेमणुकीचा हुकूम जवळजवळ हमखास हाती पडे. त्या आठवणीवर आजही घरे निर्णय घेतात. वस्तुस्थिती पार पालटली आहे. सन 2000 पासून शिक्षणसेवक योजना आली, म्हणजे प्रथम तीन वर्षे केवळ मानधनावर. हे मानधन प्राथमिक स्तरावर बराच काळ दरमहा 6000 रुपये होते, ते 2023 साली 16000 झाले. डिसेंबर 2013 मध्ये राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली, डिसेंबर 2017 मध्ये तिच्या जोडीला अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आली, आणि नेमणुका पवित्र पोर्टलमार्फत होऊ लागल्या. दरम्यान भरती वर्षानुवर्षे थंडावली. शिवाय 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बी.एड. ही प्राथमिक शिक्षकपदाची पात्रता नव्हे, असा निर्णय दिल्याने अनेकांचा एक मार्ग बंद झाला. ही सर्व माहिती मुलाला असते. बापाला नसते, किंवा असूनही ती तो मानावयास तयार नसतो. दोन बिघे गहाण पडलेल्या घरात मुलगा सुटीला आला की पहिला प्रश्न येतो, ‘ऑर्डर कधी?’ खाजगी संस्थांत जागेसाठी मागितल्या जाणाऱ्या रकमांची चर्चा ओसरीवर उघडपणे होते, आणि कोणती जमीन काढावी येथवर ती जाते. अशा मुलाला सूक्ष्म पाठातील पाच-सहा मिनिटांत घाम फुटतो तेव्हा तो वर्गातील दहा सहाध्यायांना भीत नसतो. चिंतेची ही जात प्रसंगाचीही नाही आणि स्वभावाचीही नाही. स्पीलबर्गर यांच्या दोन कप्प्यांत ती नीटशी बसत नाही. देण्याघेण्याची चिंता असेच तिला म्हणावे लागेल.

तिसरी बाब भाषेची. खानदेशातील अहिराणी बोलणारे, वऱ्हाडातील, मालवणातील, किंवा भिल्ली व गोंडी घरांतून आलेले प्रशिक्षणार्थी घरातून जी भाषा घेऊन येतात, ती त्यांच्या उत्तम शिक्षक होण्यास आड येत नाही. किंबहुना त्याच भागातील मुलांसाठी ती मोठीच जमेची बाजू आहे. तरीही पाठ निरीक्षणाच्या वहीत लाल शाईने ‘उच्चारांकडे लक्ष द्यावे’ असा शेरा पडतो आणि ‘पानी’ म्हणणारी मुलगी पुढच्या पाठात ‘पाणी’ हा शब्दच टाळू लागते. विज्ञानाच्या पाठात हे किती दुष्कर, याची कल्पना करावी. घरी तिची आई तिला ‘तू आता पुस्तकी बोलाया लागलीस’ म्हणून चिडवते, शाळेत निरीक्षक तिला अशुद्ध ठरवतात, आणि या दोहोंमध्ये तिच्या तोंडची वाक्ये दिवसेंदिवस आखूड होत जातात. या चिंतेचे खापर घरावर फोडणे अन्यायाचे होय. ते त्या शेऱ्यावर फोडावे.

ज्यांचे आईबाप स्वतः शिक्षक आहेत, त्यांचे काय, असा प्रश्न साहजिकच येतो. डॅन लॉर्टी यांनी 1975 साली दाखवून दिले की, प्रत्येक भावी शिक्षक विद्यार्थी म्हणून सुमारे 13,000 तास शिक्षकांना न्याहाळूनच प्रशिक्षणास येतो. गुरुजींच्या घरातील मुलाला तर या धंद्याची पडद्यामागची बाजूही ठाऊक असते, म्हणजे वहीतपासणी, जनगणना, निवडणुकीचे काम, बदलीच्या यादीची वाट. माहितीमुळे भीती कमी व्हावी. काहींची होतेही. परंतु वडिलांनी तीस वर्षांत मिळवलेली कीर्ती मुलाच्या पहिल्याच पाठाला तुलनेस उभी राहते, आणि निरीक्षकच जर वडिलांचे विद्यार्थी निघाले तर पाठाआधीच त्याला नमस्कार पोचवण्यास सांगितले जाते. अलीकडे या घरांत एक नवी गंमत, गंमत म्हणावयाची तर, घडली आहे: 1 सप्टेंबर 2025 च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने, सेवानिवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांच्या मुदतीत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक केले, त्यामुळे पन्नाशीतील बाप आणि पंचविशीतील लेक एकाच टेबलावर एकाच परीक्षेची पुस्तके घेऊन बसलेले दिसू लागले. चिंता आईबापांकडून मुलांत सहवासाने उतरते, या एली यांच्या निष्कर्षाला याहून समर्पक परिस्थिती सापडणे कठीण. मात्र तिचा अभ्यास कोणी हाती घेतल्यास तो वेळीच घ्यावा.

घर आधारही देते, हे न सांगितल्यास चित्र एकांगी होईल. थोरल्या बहिणीने काढून दिलेले तक्ते, नवऱ्याने पुठ्ठा कापून केलेला फिरता नमुना, स्वयंपाकघराच्या दारात बसून पाठाची रंगीत तालीम ऐकणारे आणि ‘हळू बोल’ एवढेच सांगणारे वडील, यांच्या बळावर पुष्कळ पाठ पार पडतात. 2020 च्या मार्चनंतर सराव पाठ भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले तेव्हा तर अख्खे घरच वर्गात येऊन बसले. कुकरच्या शिट्ट्या सहन कराव्या लागल्या, पण आपली मुलगी काय काम करते हे अनेक घरांनी प्रथमच डोळ्यांनी पाहिले. ज्या घराला पाठ म्हणजे काय हे कळले, त्या घराने पुढच्या पाठाच्या आदल्या संध्याकाळी पाहुणे बोलावण्याचे टाळले, एवढा तरी लाभ त्या दुर्धर काळातून पदरात पडला असणे शक्य आहे.

चिंता मुळीच नसावी, असेही कोणी म्हणणार नाही. थोडी चिंता कामास पोषक, हे सांगताना आपली पाठ्यपुस्तके यर्क्स आणि डॉडसन यांच्या 1908 च्या प्रयोगाचा दाखला देतात, पण तो उंदरांवर केलेला होता आणि त्यात चिंता नव्हे तर विजेचे धक्के मोजले होते, हे सांगावयाचे विसरतात. ज्या चिंतेने पाठाची तयारी चांगली होते ती राहू द्यावी. तयारी पूर्ण होऊनही जी उरते, तिचा बंदोबस्त हवा. आणि या बाबतीत घराशी झगडावे लागणे महाराष्ट्राला नवे नाही. पुण्यात मुलींना शिकवावयास निघालेल्या सावित्रीबाई आणि जोतीराव यांना 1849 साली घर सोडावे लागले, ते जोतीरावांच्या वडिलांच्या घरातून. आजची प्रशिक्षणार्थिनी घराबाहेर काढली जात नाही. घरातच राहून दोन्हीकडची हजेरी भरण्याचा तिच्यावर प्रसंग आहे.

आता हळूहळू सुरू होत असलेल्या चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमात प्रशिक्षणार्थी बारावीनंतर, म्हणजे अठराव्या वर्षीच या वाटेला लागेल. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 2030 पर्यंत हीच किमान पदवी ठरवली आहे. म्हणजे विवाहितांची संख्या घटेल, परंतु निर्णय घेणारे घर अधिकच बलवत्तर होईल, आणि ज्या स्वातंत्र्याच्या अभावाचा वाटा संशोधनात सर्वांत ठळक निघाला तो अभाव आणखी गहिरा होण्याची भीती आहे.

संशोधकांकडे मागणी एवढीच की, नव्या प्रबंधासाठी आणखी एक सहसंबंध काढण्यापूर्वी त्यांनी प्रशिक्षणार्थीचा दिवस तासातासाने लिहून घ्यावा आणि घरातील किमान एका वडीलधाऱ्या व्यक्तीशी बोलावे. अध्यापक महाविद्यालयांच्या प्राचार्यांना विनंती अधिक साधी आहे आणि तिला कोणाच्या मंजुरीची गरज नाही: पाठाचा घटक आदल्या दिवशी न देता निदान आठ दिवस आधी द्यावा; प्रवेशाच्या वेळी घरच्यांना बोलावून शालेय अनुभवाचे वेळापत्रक आणि नोकरीची खरी स्थिती या दोन्ही गोष्टी त्यांच्या समक्ष सांगाव्यात; आणि उच्चारांविषयीचा तो लाल शेरा पाठ निरीक्षणाच्या वहीतून काढून टाकावा.